नमुना क्रमांक एक्केचाळीस

१२ जानेवारी

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली. पुढेमागे कोणी विचारलं की हे सगळं तुम्हाला सुचलं कसं, तर आठवत नाही म्हणायची वेळ यायला नको.

सकाळच्या बैठकीत संचालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की माझं मॉडेल सत्त्याण्णव टक्के जुळलं. टाळ्या झाल्या. मी विनयाने समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत राहिले. टाळ्या थांबल्यावरही थोडा वेळ पाहत होते, कोणी पुन्हा सुरू केल्या तर तयारीत असावं म्हणून.

कामाबद्दल थोडक्यात, वाचणाऱ्याची अडचण नको. आमच्याकडे धातूच्या वस्तू छापतात. निकेलच्या मिश्रधातूची पिठासारखी भुकटी अंथरायची, तिच्यावर लेझर फिरवायचा. जिथे फिरतो तिथे भुकटी वितळते आणि लगेच गोठते. मग वर दुसरा थर, तिसरा, असे हजारो. सध्या वीजकेंद्रातल्या गॅस टर्बाइनसाठी इंधन फवारणारा नोझल छापतोय, मुठीएवढा. गोठताना धातूचे कण तयार होतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. ते गोल आणि बारीक असले तर नोझल टिकतो. लांबट होऊन एका रांगेत उभे राहिले तर त्यांच्या मधल्या सांध्यांत तडे जातात. माझं मॉडेल म्हणजे संगणकावरचा प्रोग्रॅम. वस्तू न कापता आतले कण कसे असतील ते तो रंगीत चित्र काढून दाखवतो. त्याने दाखवलेले कण गोल आहेत, वाटाण्यांच्या ढिगासारखे. तडे शून्य.

"म्हणजे आता कापून बघायची गरजच नाही," संचालक म्हणाले. कापून बघणं त्यांना कधीच पटलेलं नाही. त्यात वेळ जातो, शिवाय उत्तर आपल्या हातात राहत नाही.

१५ जानेवारी

घरी मी आणि बाबा दोघंच. जेवताना त्यांना सत्त्याण्णव टक्क्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "कशाचे सत्त्याण्णव?"

बाबा अडतीस वर्षं वेल्डर होते. ऑफिसात मी सांगते की ते धातू क्षेत्रात होते. ते खोटं नाही.

"निकेलवाला माल ना?" बाबांनी विचारलं. "फार नखरेल. सांधा वरून असा देखणा दिसतो, की फोटो काढून लावावा. आणि आत चीर."

मी समजावलं की आम्ही वेल्डिंग करत नाही.

"काय करता मग?"

"लेझरने धातू वितळवतो. तो गोठतो. मग त्याच्यावर पुढचा थर."

"बरं," बाबा म्हणाले, "मग हे वेल्डिंग नाही तर काय, शिवणकाम?"

विषय बदलला. त्यांच्या पिढीला आकडेमोडीची भाषा समजत नाही, यात त्यांचा दोष नाही.

२ फेब्रुवारी

पहिला नोझल छापून झाला. संचालकांना नको होतं तरी ग्राहकाच्या नियमात आहे म्हणून त्यातला एक काप तळघरात गेला. तळघरात आमची प्रयोगशाळा आहे. तिथे एक काका धातूचे तुकडे घासून घासून इतके चकचकीत करतात की त्यात भांग पाडता यावा. मग आम्लाचा हात फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढतात. सगळे त्यांना आरसेवाले म्हणतात.

दुपारी ते स्वतः वर आले. हातात फोटो. "मॅडम, कण गोल नाहीत. बांबूसारखे उभे वाढलेत, थरांमागून थर ओलांडून. आणि मध्ये तडे आहेत."

मी फोटो पाहिला. काळ्या रेघा होत्या खऱ्या. मी विचारलं, घासताना ओरखडे उठले नसतील ना?

ते म्हणाले, "ओरखडा सरळ जातो मॅडम. हा कणांच्या कडेकडेने वळणं घेत चाललाय."

एकोणतीस वर्षं एकच काम केलं की माणसाला आपली चूक दिसेनाशी होते. 'नमुना तयार करण्यातील संभाव्य त्रुटी' या विषयाचं सौम्य शब्दांतलं पत्र मी त्यांना पाठवलं. प्रत संचालकांना.

५ फेब्रुवारी

आरसेवाले पुन्हा आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, मॉडेल जुळवायला तुम्ही फोटो कुठला घेतला होता?"

"तुमच्याच फोल्डरमधला. एक्केचाळीस नंबर."

"एक्केचाळीस." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तो तर..."

मला साडेअकराला संचालकांकडे जायचं होतं. म्हटलं, "काका, जे काही असेल ते मेलवर टाका."

"टाकलंय मॅडम. ऑगस्टमध्येच."

"मग परत टाका."

तळघरातून येणाऱ्या मेलसाठी मी वेगळा कप्पा करून ठेवलाय, म्हणजे त्या इकडेतिकडे हरवत नाहीत. निवांत वेळ मिळाला की सगळ्या एकदम वाचणार आहे.

१४ फेब्रुवारी

तफावत समितीची पहिली बैठक. मॉडेल आणि नमुना यांच्यात तफावत असल्यामुळे ही समिती नेमली. अध्यक्ष संचालक. सुरुवातीलाच त्यांनी मुद्दा स्पष्ट केला: मॉडेलला व्यवस्थापनाची मंजुरी आहे, नमुन्याला नाही. तेव्हा जुळवून कोणी घ्यायचं हा प्रश्नच उरत नाही.

यंत्रचालकाला पुन्हा छापायला सांगितलं. त्याने विचारलं, काय बदलू? संचालक म्हणाले, "काही नको, फक्त नीट छाप."

'तडा' हा शब्द अहवालात न वापरता 'रेषीय वैशिष्ट्य' लिहावं, असंही ठरलं. सूचना माझी होती. सर्वानुमते मंजूर झाली.

२३ फेब्रुवारी

आरसेवाल्यांकडून पुन्हा छापलेल्या नोझलचे बारा काप मागवले. अकरांमध्ये रेषीय वैशिष्ट्यं निघाली. बारावा स्वच्छ होता. संचालकांनी अहवालासाठी तोच निवडला. आरसेवाल्यांनी सांगितलं की तो काप कडेचा आहे, त्यात धातू नखाएवढाच आहे, बाकी तुकडा धरायला ओततात ते प्लास्टिक आहे.

"धातूचा जेवढा भाग आहे तो निर्दोष आहे ना?" संचालकांनी विचारलं.

"तेवढा आहे."

"झालं तर."

मला थोडं अवघडल्यासारखं झालं. पण मॉडेल शेवटी बरोबरच आहे, त्यामुळे काप कुठला हा तपशिलाचा भाग.

२ मार्च

ग्राहकाचं पत्र आलं. वीस तारखेला त्यांच्या तपासनीस बाई येणार. एरवी प्रत्येक नोझलची क्ष-किरण तपासणी होते आणि सहाशे तास भट्टीत चाचणी. मॉडेलचं प्रमाणपत्र दिलं तर दोन्ही वगळायला ते तयार आहेत. प्रमाणपत्रावर सही माझी. नोझल थेट चालू टर्बाइनमध्ये बसणार.

सोबत त्यांच्या वीजकेंद्राचा नकाशा जोडलाय. टर्बाइनच्या घरापासून नियंत्रण कक्षाचं दार सोळा पावलं. मधल्या जागेत दिवसपाळीची माणसं पाणी प्यायला येतात, असं कोणीतरी पेनाने लिहून ठेवलंय. पाण्याची टाकीसुद्धा काढलीय, तोटीसकट. कशासाठी कोण जाणे.

५ मार्च

प्रमाणपत्राला लावायला एक्केचाळीस नंबरचा मोठा फोटो हवा होता. माझ्याकडचा चौकोनी आहे, कारण माझा प्रोग्रॅम चौकोनी चित्रच घेतो. मूळ फोटोच्या खाली एक पट्टी होती, ती मी कापून टाकली होती. म्हणून आज स्वतः तळघरात गेले. चार वर्षांत पहिल्यांदा.

आरसेवाल्यांनी खुर्ची पुसून दिली. मोठी नोंदवही काढली, बोटाने रकाना शोधला आणि वही माझ्याकडे फिरवली.

क्रमांक एक्केचाळीस. ओतीव सळई. बाजारातून आणलेली. उद्देश: नवीन आम्ल तपासणे.

मी दोनदा वाचलं. ओतीव. भट्टीत वितळवून साच्यात ओतलेली, सावकाश निवलेली. तिच्यात कण गोल असणारच. आमच्या नोझलशी तिचा काही संबंध नाही. लेझर तिच्या जवळपाससुद्धा गेलेला नाही.

"खालच्या पट्टीवर लिहिलंय," आरसेवाले म्हणाले. "मोजपट्टी आणि 'ओतीव', दोन्ही."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मग उठून माझ्यासाठी चहा टाकला.

६ मार्च

कप्पा उघडला. तळघरातून आलेल्या एकशे बारा मेल. सतरा ऑगस्टची ही: 'मॅडम, एक्केचाळीस नंबर छापलेला नाही, ओतीव आहे, चुकून फोल्डरमध्ये राहिला, कृपया घेऊ नये.' त्यानंतर दर महिन्याला तीच मेल, शेवटी दरवेळी एक 'नम्र' वाढवलेला.

दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

७ मार्च

सात महिने मी काय केलं ते इथे तरी लिहावं.

मॉडेलमध्ये एक आकडा असतो. गोठणाऱ्या धातूत नव्या कणांची बीजं किती ठिकाणी धरतात, त्याचा. सुरुवातीला मी पुस्तकातला आकडा घातला होता. चित्रात लांब, उभे कण आले. फोटोशी जुळेनात. मग आकडा दहापट केला, शंभरपट केला. हजारपटीला गोल कण आले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी बीजं त्या भुकटीत असू शकत नाहीत हे मला तेव्हाही माहीत होतं. अहवालात मी त्याला 'परिणामकारक मूल्य' म्हटलं. असं म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

आज आकडा परत मूळ जागी नेला आणि मॉडेल चालवलं. चार तास लागले. उभे, लांब कण आले, बांबूच्या बेटासारखे. त्यांच्या मधल्या फटींत शेवटचा पातळ धातू अडकलेला, आणि आवळणाऱ्या धातूचा ताण नेमका तिथे. मॉडेलने तिथे लाल खूण केली. आरसेवाल्यांचा फेब्रुवारीतला फोटो शेजारी ठेवला. वळणंसुद्धा तशीच.

म्हणजे मॉडेल चांगलं होतं. पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. मीच त्याचा कान पिळून त्याच्याकडून खोटं वदवून घेतलं.

८ मार्च

संचालकांना सांगितलं. दार लावून, बसून, क्रमवार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण सत्त्याण्णव टक्के जुळलं होतं ना?"

"हो, पण दुसऱ्याच वस्तूशी."

"वस्तू खरी होती ना?"

"खरी होती."

"मग आपला दावा खोटा नाही. कशाशी जुळलं असं कोणी विचारलेलंच नाही." मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "मॅडम, मुख्य शास्त्रज्ञाची जागा एप्रिलमध्ये भरायची आहे. मी तुमचं नाव पुढे केलंय. वीस तारीख पार पडू दे. मग तुम्ही निवांत मॉडेल सुधारा, पुढच्या नोझलला सुधारित लावू. विज्ञान असंच पुढे जातं."

बाहेर आल्यावर मला ते बरंचसं पटलं होतं. तडे सगळेच वाढतात असं नाही. केंद्रवाले स्वतःही काहीतरी तपासतीलच. आणि मी सही केली नाही तर दुसरं कोणीतरी करेल, ज्याला कणांमधलं काही कळत नाही. त्यापेक्षा कळणाऱ्याची सही बरी.

वरचं वाक्य आत्ता परत वाचलं. खोडत नाही. राहू दे.

११ मार्च

रविवार. बाबा गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी सांगायला गेले नव्हते, पण सांगितलं. सगळंच. ऑफिसात त्यांच्याबद्दल काय सांगते तेवढं सोडून.

बाबांनी झारी खाली ठेवली. म्हणाले, "तू दुसरीत असशील. आमच्याकडे वाफेचं मोठं पिंप आलं होतं. त्याचा एक सांधा मी मारला, निकेलच्याच सळईने. घासताना चीर दिसली, केसाएवढी. उकरून परत मारायचा तर दोन दिवस जाणार, आणि साहेब दारात उभा. मी वरून घासून सारखं केलं. रंग बसला, शिक्का बसला, पिंप गेलं."

"मग?"

"मग काही नाही. काही झालं नाही."

मी म्हणाले, "पाहिलंत ना? काही झालं नाही."

"नाही झालं. पण ते पिंप नदीपलीकडच्या कारखान्यात होतं, आणि त्यांचा भोंगा आपल्या घरी ऐकू यायचा. जरा अवेळी वाजला की माझा घास हातातच राहायचा. नऊ वर्षं. तुझ्या आईला वाटायचं भाजी बिघडलीय. बिचारी रोज मीठ बदलून बघायची."

"आईला कधी सांगितलं नाहीत?"

"तुला पहिल्यांदा सांगतोय."

मग त्यांनी झारी उचलली. मला वाटलं पुढे काही सांगतील, सही कर किंवा करू नको. त्यांनी शेवटच्या दोन कुंड्यांना पाणी घातलं आणि आत गेले.

१९ मार्च

संचालकांनी उद्याच्या सादरीकरणाची तालीम घेतली. माझ्या वाट्याला एकच वाक्य आहे: "होय, मी याची खात्री देते." ते माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा म्हणाले, आता नैसर्गिक वाटतंय.

२० मार्च

तपासनीस बाई दहाला आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, पायात केंद्रातले जाड तळाचे बूट. बॅग स्वतःच वाहून आणली. संचालकांनी चाळीस मिनिटं चित्रं दाखवली. त्यांनी एकदाही मान डोलावली नाही. संपल्यावर विचारलं, "मॉडेल कशाशी जुळवून पाहिलंत?"

"प्रत्यक्ष नमुन्याशी," संचालक म्हणाले. "सत्त्याण्णव टक्के."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. प्रमाणपत्र माझ्यासमोर होतं, पेन त्याच्यावर तिरकं ठेवलेलं. आतापर्यंत मला वाटत होतं की त्या क्षणी माझ्या मनात मोठे विचार येतील. प्रत्यक्षात त्या नकाशातली पाण्याची टाकी आठवली. तोटीखाली कोणीतरी ग्लास धरून उभं असेल, एवढंच.

"तो नमुना ओतीव सळईचा होता," मी म्हणाले. "छापलेला नव्हता. चूक माझी आहे. छापलेल्या नोझलमध्ये तडे आहेत. आम्ही बारा काप घेतले, अकरांमध्ये आहेत. बाराव्यात बहुतेक प्लास्टिक आहे."

संचालक हसले. म्हणाले, "मॅडम फार नम्र आहेत."

"मी नम्र नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा, कारण दारातला शिपाई आत डोकावला.

तपासनीस बाईंनी विचारलं, "काप कुठे आहेत?"

त्यांना तळघरात नेलं. आरसेवाल्यांनी अकराही काप ओळीने मांडले, जणू रोज कोणीतरी येतं आणि मागतं. बाईंनी एकेक पाहिला. सगळ्यांना मिळून पाऊण तास लागला. संचालक जिन्यातच थांबले, खाली मोबाइलला रेंज नाही म्हणून.

शेवटचा काप ठेवून बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी दुसऱ्या एका पुरवठादाराने आम्हाला असंच रंगीत चित्र दिलं होतं. तो नोझल एकोणीस दिवसांनी फुटला. पाळी बदलायची वेळ होती म्हणून मध्ये कोणी नव्हतं." मग आरसेवाल्यांना विचारलं, "हे तुम्ही वर कळवलं होतं का?"

आरसेवाले माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "कळवलं होतं. पण मेलचं काही सांगता येत नाही मॅडम, जातात कुठेतरी."

"माझ्याकडेच येत होत्या," मी म्हणाले. "मी वाचत नव्हते."

प्रमाणपत्र कोरंच राहिलं. बाई ते तसंच बॅगेत घालून घेऊन गेल्या.

२८ मार्च

ग्राहकाने काम काढून घेतलं नाही. क्ष-किरण, काप, सहाशे तासांची भट्टी, सगळं परत लागू केलं. भुकटीखालचा पाट तापवून छापा, मिश्रधातूचं प्रमाण बदलून बघा, आणि मॉडेल वापरायचंच तर आधी काप बघा, असं लिहिलंय.

मुख्य शास्त्रज्ञाची जागा हिशेब विभागातल्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांना रंगांची चांगली जाण आहे असं कळलं.

६ एप्रिल

कंपनीच्या पत्रिकेत संचालकांचा लेख आलाय: 'आपल्या मॉडेलने तडे कसे वेळीच ओळखले'. माझं नाव नाही. 'एका सहकाऱ्याने दाखवलेली तत्परता' असा उल्लेख आहे. आधी राग आला. मग लक्षात आलं की लेखातलं प्रत्येक विधान सुटं सुटं घेतलं तर खरं आहे. हे जमवायला सोपं नसतं. मी सात महिने तेच करत होते, मला माहीत आहे.

माझी बदली झाली. नवा पडताळणी विभाग. जागा: तळघर. कर्मचारी: आरसेवाले आणि मी.

१३ एप्रिल

आठवडाभर घासायला शिकतेय. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग कापडावर हिऱ्याची भुकटी. प्रत्येक टप्प्याला तुकडा नव्वद अंशांत फिरवायचा, आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. माझा पहिला तुकडा काकांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "छान. आता परत पहिल्यापासून."

नव्या मिश्रधातूचे काप मंगळवारी आले. कापायच्या आधी मी मॉडेल चालवून कणांची रुंदी किती निघेल ते कागदावर लिहून काकांकडे दिलं. त्यांनी मोजून खाली आपला आकडा लिहिला. बरीच तफावत आहे. समिती नेमलेली नाही. काकांनी विचारलं, लेझरची किती उष्णता भुकटीत मुरते ते कुठून घेतलंत? मी म्हणाले, पुस्तकातून. ते म्हणाले, मोजूया का?

२२ एप्रिल

आज सुट्टीचा दिवस. काकांची परवानगी घेऊन बाबांना प्रयोगशाळेत आणलं. फाटकावरच्या वहीत पाहुण्याचा व्यवसाय लिहावा लागतो. मी लिहिलं, वेल्डर. पहारेकऱ्याने विचारलं, काही दुरुस्तीचं काम आहे का? मी म्हणाले, नाही, माझे वडील आहेत.

काकांनी सूक्ष्मदर्शकाखाली फेब्रुवारीतला काप लावला. बाबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि वाकले. बराच वेळ वाकून होते. खाली यंत्रांची घरघर नव्हती, त्यामुळे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हे उभे उभे काय आहेत?"

"कण. गोठताना असे वाढत जातात."

"आणि ही चीर दोघांच्या मधून गेलीय."

"हो."

"माझ्या सांध्यांत पण असंच असायचं?"

"असंच, बाबा. जरा मोठे कण. बाकी असंच."

ते सरळ झाले. काकांकडे पाहून म्हणाले, "अडतीस वर्षं काम केलं साहेब. आमच्या कारखान्यात पण अशी खोली होती. दारावर पाटी होती, कामगारांना प्रवेश नाही."

काकांनी कपाटातून न तडकलेल्या सांध्याचा एक जुना काप काढला, फुंकर मारून काचेखाली ठेवला आणि स्टूल बाबांच्या मागे सरकवलं.

"आता बसून बघा," ते म्हणाले.

बाबा बसले. मी त्यांचा चष्मा हातात धरून उभी होते. पाऊण तास झाला तरी त्यांनी तो मागितला नाही.